विद्यापीठातला संगणक, वायफाय आणि लॉगिन : नव्यानं आलेल्यांसाठी पायरी पायरीनं

शिवाजी विद्यापीठाचं कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांचं. आजरा, जत, पाटण अशा गावांतून विद्यानगरच्या आवारात किंवा शहरातल्या एखाद्या महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याचा पहिला आठवडा प्रवेश, हॉस्टेल, मेस आणि केएमटी बसच्या पासातच जातो. त्या गडबडीत संगणक वापराच्या नियमांचा कागद समोर येतो, त्यावर सही होते आणि तो परत कोणी उघडून बघत नाही. मग ऐन सबमिशनच्या आदल्या रात्री लॉगिन बंद पडतं, किंवा भलत्याच कोणीतरी केलेल्या उद्योगासाठी आपल्याला विभागप्रमुखांसमोर उभं राहावं लागतं.

हे नियम पाठ करायची गरज नाही, कारण जवळजवळ सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आवारात येणारी इंटरनेटची लाइन, बाहेरच्या जगाला दिसणारा आपला पत्ता आणि लॅबमधलं यंत्र हे सगळं शेकडो जणांच्या वाटणीचं आहे. आपण केलेल्या कामाचा त्रास त्याच तारेवरच्या दुसऱ्याला होतो, हे ध्यानात आलं की बराचसा नियम आपला आपण ओळखता येतो. किती डिव्हाइस चालतील, रोज किती जीबी मिळेल, लॅब किती वाजता बंद होते, हे आकडे संस्थेगणिक वेगळे असतात. ते संगणक केंद्राच्या फलकावरून घ्या. खालच्या पायऱ्या मात्र कुठल्याही आवारात उपयोगी पडतील.

१. जाण्याआधी हे जवळ ठेवा

– ओळखपत्र. ते अजून मिळालं नसेल तर प्रवेश शुल्काची पावती, मूळ आणि झेरॉक्स.
– पीआरएन, म्हणजे तुमचा कायम नोंदणी क्रमांक. पावतीवरून अंक न अंक तपासून लिहा.
– तुमच्या स्वतःच्या हातात असलेला मोबाइल नंबर.
– हॉस्टेलला असाल तर इमारत आणि खोली क्रमांक.
– लॅपटॉप आणि मोबाइलचे मॅक पत्ते (नेटवर्कवर यंत्र ओळखायचे क्रमांक, पायरी २ बघा), कागदावर लिहून.
– पीएच.डी. किंवा प्रकल्पाचं काम असेल तर मार्गदर्शक किंवा विभागप्रमुखांच्या सहीचा अर्ज.

इथं सगळ्यात जास्त घोळ मोबाइल नंबरचा होतो. प्रवेश अर्जात वडिलांचा किंवा भावाचा नंबर दिलेला असतो आणि लॉगिनचा ओटीपी गावाकडच्या फोनवर जाऊन पडतो. वडील शेतात, फोन घरात आणि तुम्ही संगणक केंद्राच्या खिडकीसमोर. म्हणून नंबर बदलायचा असेल तर तो आधी विद्यार्थी विभागाकडे बदलून घ्या, मगच लॉगिनसाठी अर्ज करा. दुसरी अडचण नावाची. गुणपत्रिकेवर, आधारवर आणि अर्जावर नावाचं स्पेलिंग वेगवेगळं असेल तर यंत्रणेला तुमची नोंद सापडत नाही. गुणपत्रिकेवर जसं आहे तसंच सगळीकडे लिहा.

२. मॅक पत्ता बरोबर काढा

बऱ्याच आवारांत प्रत्येक यंत्राची नोंद त्याच्या मॅक पत्त्यावरून होते. हा बारा चिन्हांचा क्रमांक असतो. त्यात ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही रोमन अक्षरं येतात. विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’, एक मोकळी जागा आणि मग ‘स्लॅश ऑल’ ही आज्ञा इंग्रजीत टाइप केली की ‘फिजिकल अ‍ॅड्रेस’ अशी ओळ दिसते. अशा ओळी एकापेक्षा जास्त असतात. तारेच्या पोर्टची वेगळी, वायफायची वेगळी आणि ब्लूटूथचीही वेगळी. वायफायसाठी नोंद करायची तर ‘वायरलेस लॅन’ या मथळ्याखालचीच घ्या. इथं ओळ चुकली की अर्ज मंजूर होतो, पण लॅपटॉप काही जोडला जात नाही.

मोबाइलची गोष्ट आणखी फसवी. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक न देता त्या नेटवर्कपुरता तयार केलेला पत्ता देतो. बाजारातल्या, स्टँडवरच्या फुकट वायफायवर कोणी माग काढू नये म्हणून ही सोय आहे आणि ती चांगलीच आहे. पण नोंदणीच्या नेटवर्कवर ती आडवी येते. फोनच्या ‘अबाउट’मध्ये दिसणारा पत्ता तुम्ही लिहून देता आणि फोन भलताच सांगत राहतो. कॅम्पसचं वायफाय निवडून त्याच्या सेटिंगमधल्या ‘प्रायव्हसी’त जा आणि ‘डिव्हाइस मॅक वापरा’ हा पर्याय घ्या. आयफोनवर त्याच नेटवर्कपुरतं ‘प्रायव्हेट वायफाय अ‍ॅड्रेस’ बंद करा. बाकीच्या नेटवर्कसाठी ते चालूच राहू द्या.

ओळखण्याची एक साधी खूण आहे. बारा चिन्हांतलं दुसरं चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता फोननं तयार केलेला आहे. तो नोंदवू नका.

३. पहिलं लॉगिन

पहिला पासवर्ड बहुतेक ठिकाणी जन्मतारखेवरून किंवा पीआरएनवरून केलेला असतो. वर्गातल्या कोणालाही तो अंदाजानं सापडेल, म्हणून लगोलग बदला. नवा पासवर्ड निदान बारा अक्षरांचा ठेवा. चार असंबद्ध मराठी शब्द रोमन अक्षरांत जोडून लिहिले की पाठ राहायला सोपं आणि ओळखायला अवघड जातं. गावाचं नाव आणि पुढं जन्मसाल असली जोडी टाळा. बँकेचा किंवा आपल्या खासगी मेलचा पासवर्ड इथं परत वापरू नका.

दोन टप्प्यांची पडताळणी असेल तर ती चालू करा आणि त्यासोबत मिळणारे बॅकअप कोड कागदावर लिहून पाकिटात ठेवा. फोन हरवला, पाण्यात पडला किंवा सिम बदललं, तर आत शिरायचा तोच एक रस्ता उरतो.

४. लॉगिन कोणालाही द्यायचं नाही, रूममेटलाही नाही

या पायरीवर जरा थांबा. बाकीचे बहुतेक नियम मोडल्यावर काही दिवस नेट बंद होतं. हा मोडला तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं.

आवारात शेकडो यंत्रं असली तरी बाहेरच्या जगाला त्यांचे वेगवेगळे पत्ते दिसत नाहीत. आतले खासगी पत्ते फायरवॉलवर, म्हणजे आवाराचं नेट बाहेर जिथून जातं त्या उपकरणावर, मोजक्या सार्वजनिक पत्त्यांत बदलले जातात. त्यामुळं कोणी विद्यापीठाच्या नेटवरून खोटं खातं उघडलं, धमकीचा मेल पाठवला, एखाद्या मुलीचे फोटो फिरवले, तर तपास यंत्रणेला सुरुवातीला फक्त विद्यापीठाचा पत्ता आणि वेळ मिळते. पुढचं उत्तर संगणक केंद्राच्या नोंदींतून येतं : त्या मिनिटाला, त्या आतल्या पत्त्यावर, कोणतं लॉगिन चालू होतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या असतात. तिथं तुमचं नाव निघालं की “मी नव्हतो, मित्राला पासवर्ड दिला होता” हे सिद्ध करायचं ओझं व्यवहारात तुमच्यावर येऊन पडतं.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६सी नुसार दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख अप्रामाणिकपणे वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसऱ्याच्या यंत्रात परवानगीशिवाय शिरणं, व्हायरस सोडणं, माहिती पुसणं हे कलम ४३ मध्ये येतं. तेच मुद्दाम, अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ लागतं आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही अशी आहे. परवानगी न घेता कोणाचे खासगी अवयवांचे फोटो काढणं किंवा पुढं पाठवणं यासाठी कलम ६६ई आहे. ‘गंमत केली’ हा बचाव यात कुठंच बसत नाही.

रूममेटचं लॉगिन बंद आहे, उद्या त्याचं सबमिशन आहे, आणि तो पासवर्ड मागतोय. नाही म्हणणं जड जातं हे खरं. अशा वेळी त्याची फाइल तुम्ही स्वतः अपलोड करून द्या, किंवा तुमच्या मोबाइल डेटावर त्याचं काम करू द्या. मदत पूर्ण करा, पण पासवर्ड आपल्याकडेच ठेवा. आणि आधी कधी दिला असेल तर आजच बदला. मैत्रीवर त्यामुळं काही बट्टा लागत नाही.

५. वायफाय जोडलं, पण लॉगिनचं पान उघडत नाही

ही रोजची तक्रार आहे आणि बहुतेक वेळा संगणक केंद्रात न जाता सुटते. या क्रमानं बघा :

अ) फोनची किंवा लॅपटॉपची तारीख-वेळ बरोबर आहे का? बॅटरी पूर्ण उतरलेल्या जुन्या लॅपटॉपवर साल मागं गेलेलं असतं आणि मग प्रत्येक पान ‘असुरक्षित’ दाखवतं.

आ) व्हीपीएन (तुमचं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारं अ‍ॅप) बंद करा. जाहिराती अडवण्यासाठी फोनच्या ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये एखाद्या सेवेचं नाव घातलं असेल तर ते ‘ऑटोमॅटिक’वर आणा. पान न उघडण्याचं हे कारण कोणाच्या लक्षातच येत नाही. लॉगिन होईपर्यंत बाहेरचा रस्ता बंद असतो. फोन मात्र त्या बाहेरच्या सेवेलाच पत्ता विचारत बसतो.

इ) ब्राउझरमध्ये ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ उघडा. हे पान मुद्दाम बिनकुलपाचं, म्हणजे एन्क्रिप्शनशिवाय ठेवलेलं आहे. लॉगिनचं पान मध्ये घुसून दाखवायला यंत्रणेला असंच पान लागतं. गूगलसारखी कुलूपबंद पानं तिला वळवता येत नाहीत, म्हणून तिथं नुसती चूक दिसत राहते.

ई) तरीही नाही झालं तर यंत्राला मिळालेला आयपी पत्ता बघा. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल तर नेटवर्ककडून पत्ता मिळालेलाच नाही. वायफाय ‘फरगेट’ करून परत जोडा. पुन्हा तेच आलं तर त्या मजल्यावरच्या उपकरणात बिघाड असण्याची शक्यता मोठी, मग तक्रार करा.

लॅपटॉप मिटून निघून गेलात म्हणून तुमचं लॉगिनचं सत्र संपत नाही. डिव्हाइसची मर्यादा दोन असेल आणि दोन्ही जागा अडकलेल्या असतील तर तिसरं यंत्र जोडलं जात नाही. काम झालं की लॉगआउट करायची सवय लावून घ्या.

६. हॉस्टेलच्या भिंतीतला पोर्ट : घरचा राउटर लावू नका

खोलीत सिग्नल कमी येतो म्हणून घरचा जुना राउटर आणून भिंतीतल्या पोर्टला जोडला जातो. हेतू साधा असतो, पण पूर्ण मजल्याचं नेट त्यानं बसू शकतं.

राउटरला बाहेरची लाइन घ्यायला एक वॅन पोर्ट असतो आणि आपली यंत्रं जोडायला तीन-चार लॅन पोर्ट. भिंतीची तार चुकून लॅन पोर्टात गेली की तो राउटर आजूबाजूच्या यंत्रांना स्वतःच पत्ते वाटायला लागतो, १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ अशा सुरुवातीचे. खरी यंत्रणाही पत्ते वाटत असते. ज्याचं उत्तर आधी पोहोचलं त्याचं यंत्र ऐकतं, आणि तुमचा राउटर जवळ असल्यामुळं बहुधा तोच जिंकतो. शेजारच्या खोल्यांना चुकीचा पत्ता मिळतो, नेट जातं, आणि कारण शोधायला तंत्रज्ञाला एकेक पोर्ट बंद करत फिरावं लागतं. म्हणून बहुतेक ठिकाणी असा पोर्ट आपोआप बंद होतो आणि अर्ज केल्याशिवाय परत चालू होत नाही.

याहून वाईट म्हणजे छोटा स्विच आणून एकाच तारेची दोन्ही टोकं त्यातच खोचणं. खोली आवरताना लोंबतं टोक रिकाम्या भोकात घातलं जातं, एवढंच निमित्त पुरतं. संदेश त्या फेऱ्यात गरागरा फिरत वाढत जातात आणि नेटवर्क क्षणात गुदमरतं. आधीच्या विद्यार्थ्यानं सोडलेली तार खोलीत सापडली तर ती कुठंही खोचू नका. सरळ रेक्टरांच्या कार्यालयात नेऊन द्या.

मोबाइलचा हॉटस्पॉटही गरज नसताना चालू ठेवू नका. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. एका मजल्यावर वीस हॉटस्पॉट चालू असले की मूळ वायफायचा आवाज त्या गलक्यात बुडतो. तुमचा फोन किंवा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झ घेत असेल तर कॅम्पसचं तेच नेटवर्क निवडा. भिंतीपलीकडं ते कमी जातं, पण गर्दी कमी असते.

७. लाइन सगळ्यांची आहे

समजा आवाराची लाइन एक गिगाबिटची आहे आणि रात्री नऊ वाजता दोन हजार यंत्रं एकाच वेळी ओढत आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मेगाबिट येतो. चांगल्या दर्जाचा एक व्हिडिओ साधारण पाच मेगाबिट खातो. म्हणजे एक जण मॅच बघतो तेव्हा दहा जणांचा वाटा त्याच्याकडं जातो. हा हिशेब मांडला की व्हिडिओ आणि गेमवर वेळेचं बंधन का असतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

विंडोजचे आणि गेमचे अपडेट न विचारता काही जीबी ओढतात आणि तुमचा दिवसाचा कोटा सकाळीच संपतो. कॅम्पसचं वायफाय ‘मीटर्ड कनेक्शन’ म्हणून नोंदवा म्हणजे मोठे अपडेट थांबतील. पण ते कायमचे थांबवू नका. आठवड्यातून एकदा पहाटे, गर्दी नसताना, करून घ्या.

टॉरेंट लावू नका. टॉरेंटमध्ये तुम्ही उतरवता तेव्हाच इतरांना पुरवतही असता, त्यामुळं वर जाणारी लाइनही भरते. शिवाय कॉपीराइट असलेल्या चित्रपटाची तक्रार आली तर ती विद्यापीठाच्या पत्त्यावर येते, आणि नोंदींतून तुमच्या नावापर्यंत पोहोचते.

८. लॅबमध्ये बसताना

रजिस्टरमध्ये नाव, यंत्र क्रमांक, येण्याची आणि जाण्याची वेळ लिहा. पुष्कळ जण जाण्याची वेळ लिहीत नाहीत. तुम्ही पाचला उठलात आणि सहाला त्या यंत्रावर कोणी काही केलं, तर ती एक ओळच तुमचा पुरावा असते.

बऱ्याच लॅबमध्ये यंत्र बंद-चालू झालं की पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर असतं. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल दुसऱ्या दिवशी नसते, आणि ती परत मिळवता येत नाही. पावसाळ्यात वीज एक क्षण गेली तरी तोच प्रकार. दर दहा मिनिटांनी सेव्ह करा, आणि उठण्याआधी फाइल ड्राइव्हवर किंवा स्वतःला मेल करून ठेवा.

यूपीएसच्या पॉइंटला मोबाइलचा चार्जर, किटली, पंखा लावू नका. लेझर प्रिंटर तर मुळीच नाही. तो कागद भाजायला तापतो तेव्हा एकदम मोठा करंट ओढतो आणि त्या यूपीएसवरचे सगळे संगणक एकाच वेळी बसतात.

पेन ड्राइव्हबद्दल खास सांगायला हवं. राजारामपुरीतल्या किंवा सायबर चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात दिवसभरात असंख्य पेन ड्राइव्ह त्याच एका यंत्रात जातात. तिथून आलेल्या ड्राइव्हमध्ये फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले, तर त्यावर क्लिक करू नका. क्लिक केलं की व्हायरस चालू होतो. फोल्डर बहुधा जागेवरच लपवलेले असतात, लॅब असिस्टंटकडं नेलं तर सापडतात. प्रिंटसाठी वेगळा छोटा पेन ड्राइव्ह ठेवा, त्यात फक्त पीडीएफ घाला आणि तो विभागाच्या संगणकाला लावू नका. पीडीएफचा दुसराही फायदा आहे. मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर दुसऱ्या यंत्रावर त्याची अगम्य चिन्हं होतात. टाइपिंग सुरुवातीपासून युनिकोडमध्येच करा, आणि प्रिंटला देताना पीडीएफ द्या.

दुकानातल्या संगणकावर मेल उघडावाच लागला तर खासगी विंडोत उघडा आणि बंद करून उठा. त्या विंडोनं फक्त त्या यंत्रावरचा इतिहास पुसला जातो. नेटवर्कला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात ते दिसतच असतं. कुठं लॉगआउट करायचं विसरलात असं वाटलं तर मोबाइलवरून गूगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’त जाऊन ‘युवर डिव्हायसेस’मधून ते यंत्र काढून टाका. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ बघा. हे दोन्ही दर रविवारी बघायला दोन मिनिटं लागतात.

९. ई-जर्नल आणि ग्रंथालयाचा डेटाबेस

आवारातली सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी सोय हीच. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात किंवा तुमच्या ग्रंथालयात जाऊन कोणत्या प्रकाशकांची जर्नल मिळतात त्याची यादी मागा. केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल सरकारी उच्च शिक्षण संस्थांना खुली आहेत. एकेका लेखाला एरवी दोन-तीन हजार रुपये मागितले जातात, ते इथं विद्यार्थ्याला एक पैसा न देता वाचता येतात.

प्रकाशक तुम्हाला ओळखतो तो तुमच्या पत्त्यावरून. विनंती विद्यापीठाच्या आयपी पत्त्यावरून आली म्हणजे वाचक आपला, एवढंच त्याला कळतं. इथं चौथ्या पायरीतली गोष्ट परत येते. तो पत्ता सगळ्यांचा एकच. कोणी डाउनलोड करणारं साधन लावून एका जर्नलचे सगळे अंक रात्रभर ओढले, तर प्रकाशकाची यंत्रणा तो पत्ताच बंद करते. दुसऱ्या दिवशी प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहिणाऱ्या मुलीलाही तो लेख उघडत नाही, आणि ग्रंथपालांना पत्रव्यवहार करून दार परत उघडून घ्यावं लागतं. लागतील ते लेख एकेक करून उतरवा. संदर्भ नीट लावायला झोटेरो हे मोफत साधन शिकून घ्या, पण त्यालाही एका दमात शेकडो पीडीएफ आणायला लावू नका.

घरून वाचायचं असेल तर ग्रंथालयाकडून दूरस्थ लॉगिन मागा. उतरवलेला लेख वर्गमित्राला अभ्यासाला देणं वेगळं आणि तो टेलिग्रामच्या चॅनेलवर टाकणं वेगळं. दुसरी गोष्ट करारात बसत नाही.

संशोधकांसाठी एक सूचना. साम्य तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये कच्चा मसुदा टाकताना तो साठ्यात जतन होणार नाही असा पर्याय निवडला आहे ना, ते ग्रंथालयात विचारून घ्या. जतन झाला तर अंतिम प्रबंध तपासताना तो तुमच्याच मसुद्याशी जुळतो आणि साम्य शंभर टक्क्यांकडे जातं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणी रद्द होऊ शकते. एवढा मोठा फरक त्या पर्यायाच्या एका टिकेनं पडतो, म्हणून तपासणी चालू असताना स्वतः शेजारी बसा.

१०. चोरीचं सॉफ्टवेअर

विंडोज किंवा ऑफिस ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करून देणारी छोटी फाइल पेन ड्राइव्हवरून हॉस्टेलभर फिरते. ती चालवण्यासाठी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, तिथंच थांबा. कुलूप काढून मग आत येणाऱ्याची चौकशी करता येत नाही. अशा फाइलींसोबत पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम येतात, आणि तुमच्या यंत्रावरून ते नेटवर्कभर पसरायला बघतात. लिखाणाला लिबरऑफिस, आकडेमोडीला आर, नकाशांना क्यूजीआयएस, चित्रांना गिंप ही सगळी मोफत आणि कायदेशीर आहेत. महागडं एखादं सॉफ्टवेअर अभ्यासक्रमाला लागतच असेल तर विभागाकडं परवाना आहे का ते आधी विचारा.

लॅपटॉपवर अजून विंडोज १० असेल तर त्याची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे. यंत्र ११ घेत नसेल तर लिनक्स टाकून घ्या, जुन्या लॅपटॉपवर ते हलकं चालतं.

११. फसवे मेल आणि मेसेज

महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीची वाट बघणाऱ्या विद्यार्थ्याला ‘तुमची रक्कम अडकली आहे, इथं खातं पडताळा’ असा मेसेज आला की हात आपोआप लिंककडं जातो. ‘मेलबॉक्स भरला, चोवीस तासांत पासवर्ड द्या’ हाही नेहमीचा सापळा. संगणक केंद्र पासवर्ड कधीच विचारत नाही, कारण त्यांना तो लागत नाही. ते तुमच्या पासवर्डशिवाय तो बदलून देऊ शकतात. ओटीपी मागणारा फोन, शुल्काच्या पावतीऐवजी एपीके (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) फाइल पाठवणारा मेसेज, दोन्ही तिथंच सोडा.

पैसे गेलेच तर पहिलं काम १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. त्यानंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवा. फक्त पासवर्ड गेला असेल तर दुसऱ्या यंत्रावरून तो बदला आणि संगणक केंद्राला कळवा. चूक झाली हे सांगायला लाजू नका. एक तास लपवलं की तुमच्या खात्यातून पूर्ण वर्गाला तोच फसवा मेल गेलेला असतो.

१२. तक्रार अशी लिहा

“नेट चालत नाही” एवढ्यावर कोणालाच काही करता येत नाही. जागा (इमारत, मजला, खोली), वेळ, कोणतं यंत्र, आयपी पत्ता, पडद्यावरचा एररचा संदेश फोटोसह, आणि शेजारच्यांनाही तोच त्रास आहे का, एवढं लिहा. या शेवटच्या माहितीवरून दोष तुमच्या यंत्रात की मजल्यावरच्या उपकरणात हे लगेच कळतं. तक्रार क्रमांक जपून ठेवा.

लॉगिन बंद केलं गेलं असेल तर भांडायला जाऊ नका आणि दुसऱ्याच्या लॉगिननं काम चालवू नका, त्यानं मूळ चुकीत भर पडते. कारण लेखी मागा. व्हायरसमुळं बंद झालं असेल तर यंत्र साफ केल्याचा फोटो जोडून अर्ज करा.

१३. बॅकअप, आणि निघताना काय न्यायचं

कामाच्या तीन प्रती ठेवा : लॅपटॉपवर एक, बाहेरच्या डिस्कवर एक, ऑनलाइन एक. कोल्हापुरात हे जास्तच गरजेचं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घरांत शिरलं होतं. तुमची भाड्याची खोली खालच्या भागात असेल तर पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ४३ फुटांच्या धोका पातळीकडं सरकायला लागली की डिस्क वरच्या मजल्यावर किंवा विभागात हलवा.

संस्थेनं दिलेला मेल आणि ड्राइव्ह अभ्यासक्रम संपल्यावर बंद होतो. कधी महिन्यात, कधी वर्षात. शेवटच्या सत्राच्या सुरुवातीलाच हे करा : ‘गूगल टेकआउट’नं सगळा मजकूर उतरवून घ्या. ती सोय बंद ठेवलेली असेल तर फोल्डर एकेक करून उतरवा. ज्या ज्या ठिकाणी तो मेल दिला आहे, म्हणजे नोकरीची पोर्टलं, ओआरसीआयडी (संशोधकांचा ऑनलाइन ओळख क्रमांक), परीक्षांचे अर्ज, तिथं खासगी मेल घाला. हे राहिलं तर दोन वर्षांनी ओटीपी एका बंद खात्यात जातो आणि तो परत मिळत नाही. गटाच्या प्रकल्पाची फाइल तुमच्या मालकीची असेल तर ती कनिष्ठांच्या खात्याकडं वर्ग करा, नाहीतर तुमच्यासोबत त्यांचंही काम जातं.

ना-देय दाखल्यावर संगणक केंद्राची आणि ग्रंथालयाची सही लागते. त्या दिवशी डिव्हाइसची नोंद काढून टाकायला सांगा, विशेषतः लॅपटॉप विकणार असाल तर. नाहीतर तो घेणारा तुमच्या नावावर नेट वापरत राहतो.